चौथ्या बाळाची जागा : घरगुती पाळणाघरातील मुलांची संख्या वाढवताना आलेला माझा अनुभव

इंग्लंडमध्ये मी २०१९ पासून राहत्या घरी पाळणाघर चालवते. येथे या कामाला चाइल्डमाइंडिंग म्हणतात आणि त्यासाठी ऑफस्टेड या सरकारी नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. पहिली पाच वर्षे माझ्याकडे दिवसभरासाठी तीनच लहान मुले असत आणि शाळा सुटल्यावर एखाद-दुसरे मोठे मूल येई. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या तिघांपैकी एका मुलाच्या आईने विचारले, की तिची धाकटी मुलगी नऊ महिन्यांची होत आहे आणि तिला रजा संपवून कामावर परतायचे आहे, तर दोन्ही भावंडांना मी एकत्र सांभाळू शकेन का. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांवरील बाळांसाठी आठवड्याला १५ तासांचे सरकारी अनुदान सुरू होणार होते, त्यामुळे तान्ह्या बाळांसाठीची विचारणा एकाएकी वाढली होती. अनोळखी कुटुंबांना मी नकार देत होते, परंतु ज्या मुलाला मी त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीपासून सांभाळत आले, त्याच्या बहिणीला नाही म्हणणे जड गेले.

माझी समजूत अशी होती, की कुठेतरी एक अर्ज असेल, तो भरला की कोणी अधिकारी घर पाहून जाईल आणि 'तीनऐवजी चार' असे लिहिलेला कागद हाती येईल. मी माझे नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहिले, तर त्यावर मुलांची संख्या छापलेलीच नव्हती. नियामक संस्थेच्या मदतवाहिनीवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की यासाठी पूर्वपरवानगी नसते. मर्यादा नियमावलीत दिलेल्या आहेत, अपवादही तेथेच दिलेले आहेत, आणि अपवाद वापरायचा असल्यास प्रत्येक मुलाच्या गरजा पूर्ण होत आहेत हे पालकांना व निरीक्षकांना दाखवून देण्याची जबाबदारी माझी आहे. मला प्रथम हायसे वाटले. संध्याकाळपर्यंत लक्षात आले, की परवानगी मागणे याहून कितीतरी सोपे असते, कारण तेथे निर्णय दुसऱ्याचा असतो.

नियम थोडक्यात सांगते. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले सांभाळता येतात. त्या सहांपैकी तीनपेक्षा जास्त मुले 'लहान मूल' या व्याख्येत बसणारी नसावीत, आणि त्या तिघांपैकी एक वर्षाखालील बाळ एकच असावे. पाचवा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत मूल 'लहान' मानले जाते, त्यामुळे मे महिन्यात पाच वर्षे पूर्ण केलेली मुलगी उन्हाळाभर लहानांतच मोजावी लागते. स्वतःची मुलेही या मोजणीत येतात, आणि हे अनेक नव्या चाइल्डमाइंडरना उशिरा कळते. आधीपासून सांभाळत असलेल्या मुलाचे भावंड किंवा चाइल्डमाइंडरचे स्वतःचे मूल असेल, तर तीन लहान मुलांच्या मर्यादेला अपवाद करता येतो. सहाच्या मर्यादेला मात्र अपवाद नाही.

त्या रात्री मी एका मोठ्या कागदावर आठवड्याचा तक्ता आखला. उभे रकाने वारांचे, आडव्या ओळी अर्ध्या अर्ध्या तासाच्या, आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळी घरात असणाऱ्या मुलांची नावे व वये. आजवर मी मुलांची संख्या दिवसाच्या हिशेबाने मोजत असे. ती अर्ध्या तासाच्या हिशेबाने मोजल्यावर वेगळेच चित्र समोर आले. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात नवे बाळ धरून चार मुले होत होती आणि अपवाद लागू होत होता. तीननंतर मात्र माझी स्वतःची सहा वर्षांची मुलगी, शाळेतून येणारा एक सात वर्षांचा मुलगा आणि त्याची पाच वर्षांची बहीण, असे मिळून आकडा सात होत होता. शिवाय माझ्याकडे असलेले पहिले बाळ तेव्हा अकरा महिन्यांचेही नव्हते, म्हणजे सप्टेंबरमध्ये एक वर्षाखालील बाळे दोन झाली असती.

उपाय कॅलेंडरमध्ये सापडला. पहिल्या बाळाचा पहिला वाढदिवस ऑक्टोबरच्या अखेरीस होता आणि शाळेतून येणाऱ्या मुलाला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठवे वर्ष पूर्ण होत होते. त्यानंतर तो सहाच्या मोजणीतून बाहेर पडत होता, अर्थात त्याच्यामुळे लहानांच्या देखभालीत कमतरता येऊ नये ही अट कायम राहत होती. याचा अर्थ असा, की नवे बाळ सप्टेंबरऐवजी नोव्हेंबरच्या मध्यावर आले, तर एक वर्षाखालील बाळ एकच राहते, एकूण आकडा सहाच्या आत बसतो आणि चौथ्या लहान मुलापुरता एकच अपवाद वापरावा लागतो. मुलांच्या आईला हे सांगताना मला संकोच वाटत होता, कारण दहा आठवड्यांची सोय तिला दुसरीकडे पाहावी लागणार होती. बाळाच्या आजीने येऊन राहण्याची तयारी दाखवली आणि तो प्रश्न सुटला. आजी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित ही दोन्ही भावंडे माझ्याकडून गेली असती.

तक्ता जुळला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हते. अपवादाची अट 'प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक गरजा' अशी आहे, आणि तिचा खरा अर्थ मला एका पालकामुळे कळला. मी सर्व कुटुंबांना एक पानी पत्र लिहून बदल कळवला होता आणि त्यांचे मत लेखी मागितले होते. तिघांनी एका ओळीत होकार दिला. चौथ्या आईने भेटायला वेळ मागितला. तिची मुलगी दोन वर्षांची होती, शब्द फार थोडे बोलत असे आणि वाचाउपचारासाठी प्रतीक्षायादीत होती. ती आई म्हणाली, "रडणाऱ्या बाळाकडे तुम्ही धावालच, पण माझी मुलगी काही मागतच नाही, तिच्याकडे कोण पाहणार?" मला याचे तत्काळ उत्तर देता आले नाही. तोवर मी सगळा विचार येणाऱ्या बाळाभोवती केला होता: दुसरा पाळणा, दुसरी उंच खुर्ची, दुधाच्या वेळा, जुळ्यांची ढकलगाडी. संख्या वाढल्यावर ज्या मुलाच्या वाट्याचे काहीतरी कमी होणार होते, ते मूल पाळणाघरात आधीपासूनच बसलेले होते.

योगायोगाने त्याच सुमारास या मुलीचा दोन वर्षे वयाचा प्रगती अहवाल लिहायचा होता. दोन ते तीन वर्षांदरम्यान असा अहवाल देणे आम्हाला बंधनकारक असते. तो मी नेहमीपेक्षा अधिक बारकाईने लिहिला, ती कोणत्या क्षणी आपणहून बोलते याची दोन आठवडे नोंद ठेवली, आणि असे दिसले, की दुपारच्या जेवणानंतर घर शांत असताना ती सर्वाधिक शब्द वापरते. म्हणून दोन्ही बाळांच्या झोपेची वेळ एकत्र आणून तो अर्धा तास फक्त तिच्यासाठी राखून ठेवण्याचे मी लेखी कबूल केले. नवे बाळ पहिले सहा आठवडे चारऐवजी तीनच दिवस येईल आणि त्यानंतर दोन्ही घरांशी पुन्हा बोलून पुढचे ठरेल, असेही नोंदवले. त्या आईने सही केली. तिची शंका मी माझ्या कागदांत जशीच्या तशी उतरवून ठेवली आहे, कारण माझ्या मते संपूर्ण फाइलमध्ये सर्वांत उपयोगाचे पान तेच आहे.

धोक्यांच्या मूल्यमापनात मला सर्वाधिक वेळ आग लागल्यास बाहेर पडण्याच्या सरावाने घ्यायला लावला. तीन मुलांसह आम्ही तो नियमित करत असू. नवे बाळ येण्यापूर्वी मी चार मुलांचा सराव करायचे ठरवले आणि चौथ्या बाळाच्या जागी पिठाची पिशवी शालीत गुंडाळून वरच्या खोलीतील पाळण्यात ठेवली. पहिल्या प्रयत्नात चार मिनिटांहून अधिक वेळ लागला, कारण मी वर गेले तेवढ्यात एक मूल दारातून परत फिरून खेळणे आणायला गेले. त्याच दिवशी दोन्ही पाळणे तळमजल्यावर आणले, बाळाला अंगावर बांधायची झोळी दाराशेजारच्या खुंटीवर अडकवली आणि दोन्ही मोठ्या मुलांना हाताने धरायची दोरी शिकवली. तिसऱ्या सरावात आम्ही दोन मिनिटांच्या आत बाहेर होतो. हे सर्व मी तारखांसह लिहून ठेवले, पहिल्या फसलेल्या सरावासकट. जेवणाच्या वेळी प्रत्येक मूल नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असावे लागते, म्हणून स्वयंपाकघराकडे पाठ होईल अशी माझी जुनी बसण्याची जागा बदलली. शाळेतून मुलांना आणण्यासाठी मोटार वापरणे सोडून दिले, कारण इतकी आसने गाडीत बसतच नव्हती. विमा कंपनीला बदल कळवला आणि तिचे लेखी उत्तर येईपर्यंत सुरुवातीची तारीख नक्की केली नाही.

नोव्हेंबरमध्ये बाळ आले. पहिला महिना फार दमवणारा होता, आणि एकटीने चार लहान मुले सांभाळणे हे कायमचे नियोजन होऊ शकत नाही, हे मला स्पष्ट दिसू लागले. म्हणून २०२५ च्या जानेवारीत मी मदतनीस नेमण्याचा निर्णय घेतला. मदतनीस असल्यास प्रत्येक प्रौढामागे तेच प्रमाण पुन्हा लागू होते, म्हणजे कागदावर माझी क्षमता दुप्पट होत होती. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण जागेचेही माप आहे: दोन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३. स्वयंपाकघर, जाण्यायेण्याची वाट, संडास-बाथरूम आणि सामानाची जागा यात धरता येत नाही. मी दोन मुले वाढवण्याचे ठरवले, तर दोन बाळे, दोन वर्षांची दोन मुले आणि तीन वर्षांची दोन मुले मिळून १६.६ चौरस मीटर लागत होते, आणि माझी पुढची खोली भरली १४.९. शेवटी जेवणाच्या खोलीतून माझ्या यजमानांचे टेबल वरच्या मजल्यावर गेले. त्यांनी ते विनातक्रार हलवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

मदतनिसाची योग्यता तपासण्याचे काम ऑफस्टेड करते, त्यात गुन्हेगारी पार्श्वभूमीची सविस्तर तपासणीही येते. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत तिला मुलांबरोबर एकटे सोडता येत नव्हते. तिचे प्रथमोपचाराचे १२ तासांचे प्रशिक्षणही मी आधीच करून घेतले, कारण कधी क्षणभर जरी मुले तिच्या एकटीच्या ताब्यात राहणार असतील, तर ते प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आणि तसे ती दिवसात जास्तीत जास्त दोन तास, तेही पालकांची परवानगी असेल तरच, राहू शकते. मालक म्हणून करखात्याकडे नोंद करणे आणि किमान ५० लाख पौंडांचा कर्मचारी दायित्व विमा घेणे ही कामे त्या मानाने लवकर झाली. सहा लहान मुले आणि बाहेरून येणारी एक कर्मचारी यांमुळे घराचा वापर बदलला असे मानले जाईल का, हे मी स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम परवानगी विभागाला पत्राने विचारले. उत्तर यायला सात आठवडे लागले. ते अनुकूल होते, परंतु तोवर एक कुटुंब वाट पाहून दुसरीकडे गेले.

ईस्टरनंतर मदतनीस रुजू झाली आणि मे महिन्यापर्यंत सहाही जागा भरल्या. दोन वर्षांची ती मुलगी आता वाक्ये बोलते. तिचा दुपारचा अर्धा तास अजूनही वेगळाच ठेवला आहे, आणि त्या वेळी बाळांजवळ मदतनीस असते. या सगळ्या काळात निरीक्षक एकदाही आलेले नाहीत. भावंडाच्या अपवादाचा कागद, पालकांच्या सह्या, सरावाच्या नोंदी आणि खोल्यांची मापे एका निळ्या फाइलमध्ये दाराजवळच्या कपाटात आहेत. तक्ता शीतकपाटावर चिकटवलेला आहे आणि त्यावर पुढच्या १ सप्टेंबरभोवती मी लाल वर्तुळ केले आहे, कारण त्या दिवशी कोणाचे वर्ष बदलते आणि कोणते मूल कोणत्या ओळीत जाते, हे सगळे पुन्हा मोजायचे आहे.