वार लावून जेवणारी मुलं

साडेतीनचा चहा गॅसवर होता आणि बेल वाजली. दारात दोन मुलं. पांढरे शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, हातात सायकलची हेल्मेटं आणि हेल्मेटमुळे चप्प बसलेले केस. पट्टीवर आडनाव आणि त्याच्या आधी 'एल्डर'. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे घरोघर फिरणारे धर्मप्रचारक. एल्डर म्हणजे वडीलधारे. यातल्या एका वडीलधाऱ्यांच्या हनुवटीवर ताजी पुटकुळी होती आणि दुसऱ्यांचा टाय गॅदरिंगला मोठ्या भावाने बांधून दिल्यासारखा दिसत होता.

"घरात आणखी कोणी पुरुषमाणूस आहे का, मॅम?" उंच मुलाने विचारलं.

भरदुपारी एकट्या बाईला दारात उभं राहून कोणी हे विचारलं असतं, तर सांगलीच्या माझ्या आईने काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी इतकी वर्षं ओहायोत काढलेली, म्हणून नुसतंच दार अर्धं लोटलं. तेव्हा तो लालबुंद होऊन घाईघाईने सांगायला लागला. त्यांचा नियमच तसा आहे, बाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. आम्ही पायरीवरच बोलतो, म्हणाला.

बरं. पायरीवर तर पायरीवर. पण दारात आलेल्याला चहा विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुरियरवाला, छप्पर बघायला आलेला माणूस, झाडं तोडणारे, कोणीही असो. नवरा याला माझा आजार म्हणतो. मी म्हटलं, चहा तयारच आहे.

"आम्ही चहा घेत नाही, मॅम."

कॉफी? तीही नाही. आत यायचं नाही, चहा घ्यायचा नाही, मग पाहुण्याचं करायचं तरी काय? आणि तेवढ्यात मागे चहा उतू गेला.

गंमत म्हणजे ही चहाबंदी जिथून निघाली ते कर्टलंड आमच्या सोलनपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. 1833 साली तिथल्या व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आपल्या मंडळींचे वर्ग घ्यायचे. मंडळी पाइप ओढायची, तंबाखू चघळायची आणि तिथेच जमिनीवर थुंकायची. ती जमीन पुसायला लागायची स्मिथ यांच्या बायकोला, एमाला. ती वैतागली, आणि मग स्मिथ यांना उपदेश झाला की तंबाखू वर्ज्य, दारू वर्ज्य, 'गरम पेयं' वर्ज्य. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी, असा अर्थ लावला गेला. ते दुकान अजून जपून ठेवलंय, आम्ही भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवून आणतो. एमाची बाजू मला शंभर टक्के पटते. फरशी पुसणाऱ्या बाईचं देवाने ऐकलं, असं फार थोड्या धर्मांत घडलं असेल. पण चहाने कोणाचं घोडं मारलं होतं?

शेवटी पन्ह्याची बाटली काढली. कैरीचा आंबटपणा जिभेला लागल्यावर बुटक्याचे दोन्ही डोळे मिटले, पण पेला रिकामा झाला. मग त्यांनी देवाचं काढलं. मी म्हटलं, बाळांनो, आमच्याकडे आधीच इतके आहेत की देव्हाऱ्यात बोट ठेवायला जागा नाही. ते हसले. हे असलं उत्तर त्यांना रोज मिळत असणार, किंवा नुसतंच दार. उंच म्हणाला, मग काही काम आहे का? पानं गोळा करायची, काही उचलायचं?

होतं ना. कढीपत्त्याची कुंडी. हे झाड न्यू जर्सीहून बोटभर आलं होतं आणि आता माझ्या खांद्याला लागतं. ऑक्टोबरात पहिला हिंव पडायच्या आत ते गॅरेजमध्ये न्यावं लागतं, आणि दर वर्षी त्यावरून आमच्या घरात नवऱ्याची कंबर विरुद्ध माझा कढीपत्ता असा सामना होतो. दोघांनी टाय खांद्यावरून मागे टाकले, कुंडी उचलली आणि गॅरेजच्या खिडकीखाली नेऊन ठेवली. उंच मुलाने पान चुरगाळून हुंगलं. हे खातात? म्हटलं, खातात. त्याने लगेच चावून बघितलं. अठराव्या वर्षी माणूस असाच असायचा.

उंच आयडाहोचा, बटाट्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. बुटका ॲरिझोनाचा, हिंव म्हणजे काय हे त्याने अजून बघायचं होतं. कुठे जायचं हे यांनी निवडायचं नसतं, वरून पत्र येतं. उंच शाळेत चार वर्षं स्पॅनिश शिकला होता, घरच्यांना खात्री होती पेरू नाहीतर चिली. सगळे नातेवाईक जमवून पत्र उघडलं तर ओहायो. बँकेतल्या बदलीची ऑर्डर माझ्या वडिलांनी उघडली की आमच्या घरात जी शांतता पसरायची, ती मला त्याच्या चेहऱ्यावर दिसली. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. मधला वेळ अभ्यास आणि लोकांची दारं. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. सोमवारी कपडे धुणं, वाणसामान आणि घरी फोन. हा फोनसुद्धा 2019 पासून दर आठवड्याला. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आणि एकटं कधीच राहायचं नाही. जोडीदार कायम दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. अपवाद फक्त बाथरूम. जोडीदारही दिलेला, निवडलेला नाही. सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, त्यात कोण कुठे जाईल सांगता येत नाही. वर या सगळ्याचे पैसे यांचेच. 2020 मध्ये महिन्याचे 400 डॉलर होते त्याचे 500 झाले. आमचे चिरंजीव याच वयाचे आहेत. हॉस्टेलवरून मळके कपडे घरी आणतात.

जेवता कुठे रे? मी विचारलं.

तर बुटक्याने फोनवर एक तक्ता दाखवला. चर्चमधली कुटुंबं त्यात आपापला दिवस लिहितात, त्या दिवशी ही पोरं त्यांच्याकडे जेवतात. तीन चौकोन रिकामे होते.

मी तो तक्ता बघतच राहिले. हे तर आजोबांचे वार.

आजोबा राजापूरकडून पुण्याला शिकायला आले ते बाराव्या वर्षी. सहा वारांची सहा घरं होती. म्हातारपणी झोपाळ्यावर बसून बोटांवर मोजत सांगायचे. सोमवार वकिलांचा, बुधवार वैद्यांचा. वैद्यांकडे आमटीत तळ दिसायचा. शनिवार एका विधवा मावशींचा, त्या भातावर तूप वाढायच्या आणि वाढताना दुसरीकडे बघायच्या, म्हणजे धार कधी थांबवायची ते त्यांना कळायचं नाही. हे सांगताना आजोबांचा हात हवेत तसाच तिरपा व्हायचा, तुपाचं भांडं धरल्यासारखा. माणसांची नावं ते विसरले होते, वार विसरले नव्हते. मंगळवारला घर मिळालंच नाही. त्या दिवशी फुटाणे आणि हौदाचं पाणी. आमच्या घरी मंगळवारी कायम काहीतरी गोड असायचं, निदान गूळ घालून दशम्या तरी. मला वाटायचं, गणपतीचा वार म्हणून. खरं कारण आजीने माझं लग्न ठरल्यावर सांगितलं.

तर मी त्या पोरांना म्हटलं, गुरुवार माझा. जुळवून लिहायचं असतं तर मंगळवार लिहिला असता, पण मंगळवार त्यांचा भरलेला होता, आणि नवरा घरून काम करतो तो गुरुवारी. म्हणजे नियमही पाळला गेला.

गुरुवारी वरण-भात, पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि बटाट्याची भाजी केली. बटाटेवाल्याच्या मुलाला बटाटे वाढायचे म्हणजे जरा धाडसच. जेवणाआधी त्यांनी प्रार्थना केली, आम्ही घास हातात धरून थांबलो. उंच मुलाने तिसऱ्यांदा भाजी घेतली आणि गंभीरपणे म्हणाला, आम्ही बटाटा नुसता उकडतो, नाहीतर भाजतो, त्याच्याशी इतकं कोणी बोलत नाही. मी तूप वाढलं. दुसरीकडे बघून वाढायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. टेबलावर सांडलं.

त्यांचा सगळा हिशोब तोंडपाठ. उंचाचे प्रचाराच्या 24 महिन्यांतले अकरा झाले होते. घरी परतायची तारीख ठरलेली. धाकटी बहीण विमानतळावर काय लिहिलेला फलक धरणार तेसुद्धा ठरलेलं. मग सहज, पोळीचा तुकडा मोडता मोडता त्याने नवऱ्याला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही किती वर्षांसाठी आलात?"

"दोन," नवरा म्हणाला. "आम्हीपण दोनच वर्षांसाठी आलो होतो."

"अरे वा! कधी?"

"1998 साली."

बुटका हसला. उंच हसला नाही, त्याने घास तसाच हातात धरला. मी भात आणायला म्हणून उठून आत गेले.

भात टेबलावरच होता.