दहा टाक्यांत गावाचा कचरा बसत नाही

विदर्भातल्या कित्येक नगरपंचायतींच्या डंपिंग ग्राउंडला गेलं तर कडेला आठ-दहा नाडेप टाकी (कंपोस्ट खतासाठी बांधलेली जाळीदार विटांची) दिसतात. बिलं केव्हाच निघालेली, टाक्यांत गाजरगवत. वरून नोटीस आली की त्याच टाक्यांना चुना लागतो आणि फोटो अपलोड होतात. पण आता नुसत्या फोटोवर निभावणं अवघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 1 एप्रिल 2020 पासून लहान स्थानिक संस्थेलाही, कचऱ्यावर प्रक्रिया होत नसेल तर, महिन्याला 1 लाख रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. सप्टेंबर 2022 मध्ये तर घनकचरा आणि सांडपाण्यापायी अख्ख्या राज्यावर 12,000 कोटींच्या भरपाईचा आदेश निघाला.

तेव्हा आधी हिशेब. लोकसंख्या 15,000, माणशी 250 ग्रॅम धरले तर रोज पावणेचार टन कचरा. त्यातला निम्मा ओला, म्हणजे 1,900 किलोच्या आसपास. एका नाडेप टाक्यात (10 बाय 6 बाय 3 फूट) काडीकचरा बसतो 1,400 ते 1,500 किलो आणि तो 90 ते 120 दिवस हलवायचा नसतो. दहा टाकी आठव्या दिवशी फुल्ल! वर्षभर चालवायचं तर 140 च्या वर टाकी लागतील. शिवाय प्रत्येक टाक्याला सुमारे 1,750 किलो चाळलेली माती. रोज दोन टनांवर माती कोण आणणार? म्हणून मातीचे थर गाळले जातात आणि आत सडवा होतो. यात पद्धतीचा दोष नाही. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी (ना-दे-प ते हेच) ती बसवली शेतकऱ्यासाठी, बांधावरच्या काडीकचऱ्यासाठी.

गावाच्या कचऱ्याला उघडे ढीगच परवडतात. तळाशी 3 मीटर रुंद, दीड मीटर उंच. रोजच्या मालाला साधारण 2 मीटर लांबी लागते, आठवड्याचा एक ढीग 14 मीटरचा. सहा आठवड्यांचे सहा ढीग, मध्ये जेसीबी फिरायला 3 मीटर वाट, असं धरून पाच-साडेपाच गुंठे पक्की फरशी हवी. काळ्या मातीवर ढीग लावाल तर जुलैत ना माणूस आत जाईल ना मशीन. मुरवायला आणि चाळायला शेड वेगळं.

बाजाराच्या दिवशी कोबीचा पाला, सडके टमाटे येतात, म्हणजे निव्वळ पाणीच. त्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिसळा, 100 किलोला 15-20 किलो. मूठ दाबल्यावर बोटांतून एखाद-दोन थेंब निघाले की ओल बरोबर. धार लागली तर कुटार कमी पडलं. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) घालायची तर कुट्टी करूनच, आणि ढिगाच्या पोटात, कडेला नाही. बोंडांत राहिलेली गुलाबी बोंडअळी मरायला ढीग 55 अंशांवर तापायला हवा. लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवली तर ढीग थंड पडलाय असं समजा. पलटी दर आठवड्याला.

सगळ्यात जास्त फसवतो तो मे महिना. 45 अंशांत ढीग वाळतो, थंड पडतो, भुरा होतो, आणि सगळे म्हणतात खत झालं. झालेलं काही नसतं. पाणी संपून जिवाणू झोपलेले असतात. ते पोत्यात भरलं की पहिल्या पावसात पोतं गरम होतं आणि वास सुटतो. तपासायला मूठभर खत भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ढिगाला पाणी देऊन पुन्हा पलटी.

तपासणीत पकडलं जातं ते रजिस्टर. 100 किलो ओल्या कचऱ्याचं चाळलेलं खत 20-25 किलोच्या वर जात नाही. आवक महिन्याला 57 टन आणि खत 30 टन लिहिलं की कोणीही विचारेल. घंटागाडीच्या खेपा, वजनकाट्याच्या पावत्या आणि प्रत्येक ढिगावर तारखेची पाटी, या तिन्हींचा मेळ बसायला हवा. प्रयोगशाळेत ओलावा 15 ते 25 टक्के, कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर 20 च्या आत आणि 90 टक्के माल 4 मिलिमीटर चाळणीतून जाणारा लागतो. शिसं किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत. मिश्र कचऱ्यातल्या बॅटऱ्या इथेच नडतात, म्हणून वर्गीकरण घरातच. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांत त्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

विक्रीचं सांगायचं तर शेतकरी ट्रॉली घेऊन येतो खरिपाआधी, मेमध्ये. त्या मालाचा ढीग मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागलेला हवा.