ताई, तुका आयकाक येणा नाय?

माझा धाकटा भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मालवण तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर. एके दिवशी त्याने घरचं जेवण बंद केलं. केळं, शहाळं आणि स्वतः सोललेलं उकडलेलं अंडं, एवढंच खायचा. जे सालीत बंद आहे त्यात कुणाला विष घालता येत नाही, हा त्याचा हिशोब मला फार उशिरा कळला. तोवर आई रोज बांगड्याचं तिखलं करून त्याच्यासाठी झाकून ठेवत होती.

रात्री तो पडवीत बसून समुद्रातल्या ट्रॉलरचे दिवे मोजायचा. त्या दिव्यांनी आपल्याबद्दल खुणा चालल्यात, असं म्हणायचा. त्याला ऐकू येणारी दोन माणसं त्याच्यावर बोलत राहायची, "आता उठला, आता पाणी प्यायला." मग घाबरून मला विचारायचा, "ताई, तुका आयकाक येणा नाय?"

बाहेरचं काही लागलं असेल म्हणून कौल लावले, गाऱ्हाणी घातली. मीही त्यात होते. पाच महिने गेले. १ जूनला मासेमारीबंदी लागली, समुद्रातले दिवे गेले आणि तो शांत झाला. देव पावला असं वाटलं. पण आठवड्याभरात तेच आवाज विहिरीवरच्या पंपाच्या घरघरीतून यायला लागले.

ऑगस्टमध्ये होड्या परत निघाल्यावर मी त्याला जेटीवर नेलं. ओळखीच्या तांडेलाने होडीवर चढवून दिवा दाखवला, बटण त्याच्या हातात दिलं. त्याने तीन-चारदा चालू-बंद करून पाहिलं. परतताना गप्प होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, "तू मला आणणार हे त्यांना आधीच कळलं होतं. म्हणून आज साधा दिवा लावला."

त्या रात्री मी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मराठीत सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे लवकर न्यायला सांगितलं. बाबा तयार होईनात. आमच्याकडे 'रत्नागिरीक न्या' हे शिवीसारखं म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. शेवटी भाऊच झोपेची गोळी मिळेल म्हणून यायला कबूल झाला.

डॉक्टरांनी गांजा, दारू, डोक्याला मार, फिट सगळं विचारलं, रक्त तपासलं. आजार स्किझोफ्रेनिया. मला त्यांनी दोन शब्द वेगळे करून सांगितले. भास म्हणजे बाहेर आवाज नसताना खरोखर ऐकू येणं. मेंदूतले भाषेचे, ऐकण्याचे भाग त्या वेळी काम करत असतात. म्हणजे 'मनाचे खेळ आहेत' असं मी म्हणायचे तेव्हा त्याला खोटं पाडत होते. भ्रम म्हणजे पक्की बसलेली चुकीची समजूत. तिच्याविरुद्ध पुरावा दिला की तो पुरावाही कटात सामील होतो. जेटीवर नेमकं हेच झालं होतं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम बिघडलं की मेंदू साध्या दिव्यावरही 'हे तुझ्यासाठीच आहे' असा शिक्का मारतो, असं ते म्हणाले. आजार म्हणजे एवढंच नाही, पण मला तो दिवा तेव्हा समजला.

वाद घालायचा नाही आणि होला होही करायचं नाही, हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. मी म्हणायला लागले, "मला नाही येत ऐकू. पण तुला येतंय, तू घाबरलायस. मी बसते इथे."

रिस्पेरिडोन नावाची गोळी सुरू झाली. मान आणि हात ताठ झाले, तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी करून सोबत दुसरी गोळी दिली. काही आठवड्यांनी आवाज लांब गेल्यासारखे झाले. दिव्यांची समजूत सैल व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. पुढच्या गणपतीत, बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या परस्पर सोडल्या. महिन्याभरात पुन्हा केळी आणि शहाळी. पुन्हा सुरुवातीपासून. त्यानंतर गोळ्यांचा डबा आईच्या देवघराशेजारी असतो आणि रात्री जेवणानंतर तो स्वतः उघडतो.

आवाज अजून अधूनमधून येतात, थकला की जास्त. परवा पंप चालू असताना त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने पंप बंद केला, थोडा वेळ कान देऊन थांबला आणि आत येऊन आईच्या टोपातून तिखलं वाढून घेतलं.