विजयदुर्ग: पाण्याखालची भिंत आणि जळालेलं आरमार

विजयदुर्गाच्या तटावर गेलात की गावातला माणूस आधी पाण्याकडे बोट दाखवतो. आम्हालाही एका मच्छीमार काकांनी तसंच दाखवलं. "गोऱ्यांची गलबतां हयच आपटून फुटली, तेंका कळलांसुद्धा नाय." समुद्रात बुडालेली भिंत ही इथली सगळ्यात लाडकी कथा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी इथे भिंतीसारखी दगडी रचना पाहिल्याची नोंदही आहे. किल्ल्यातून गावातल्या धुळपांच्या वाड्यापर्यंत भुयार जातं, हेही लगोलग ऐकायला मिळतं.

मला मात्र खाडीची बाजू बघायची होती. वाघोटन खाडी किल्ल्याला वळसा घालून आत शिरते. तिथल्या जांभ्याच्या तटावर हाताचं बोट सहज बसेल असे खळगे आहेत, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ते तोफगोळ्यांचे असं गावकरी सांगतात.

1756 च्या फेब्रुवारीत या तटासमोर इंग्रज अॅडमिरल वॉटसनचा काफिला येऊन उभा राहिला. त्याच्या सोबत होता रॉबर्ट क्लाइव्ह. आणि जमिनीच्या बाजूने वेढा घालून बसली होती नानासाहेब पेशव्यांची फौज! किल्ल्याचे आणि इथल्या आरमाराचे धनी तुळाजी आंग्रे कुणालाच जुमानत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. 12 तारखेला दुपारी मारा सुरू झाला. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज तुळाजींनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेलं. गुराबा आणि गलबतं, म्हणजे आंग्र्यांची मोठी-छोटी लढाऊ जहाजं, खाडीत एकमेकांना खेटून बांधलेली होती. एकीची आग दुसरीला लागत गेली आणि आंग्र्यांचं आरमार इथेच जळून खाक झालं. त्याच रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये तळ ठोकला, मित्रांच्या हाती किल्ला पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांकडे गेला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत सरलं.

भिंतीची गोष्ट सगळे सांगतात, या आगीबद्दल क्वचितच कुणी बोलतं. मला हे लागतं. भिंतीच्या कथेत शत्रू बाहेरचा असतो आणि हरतो. इथे आपलीच माणसं पलीकडच्या बाजूला होती. ऑक्टोबरात तह होऊन किल्ला पेशव्यांना परत मिळाला, बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेलं. पुढे याच विजयदुर्गावरून आनंदराव धुळपांनी मराठी आरमार चालवलं आणि 1783 मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. पण दर्यावरची आंग्र्यांची ती जुनी जरब फिरून आली नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह तर वर्षभरात बंगालमध्ये होते, जानेवारी 1757 मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतलं आणि जूनमध्ये क्लाइव्ह प्लासी जिंकला.

ग्रहण बघायला बांधलेले चौथरे, म्हणजे 'साहेबाचे ओटे' पाहिले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी 1868 च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. पण त्या वर्षी त्यांनी सूर्याची निरीक्षणं केली ती इंग्लंडातून. विजयदुर्गाला ते आले जानेवारी 1898 च्या ग्रहणाला.

शेवटी रामेश्वरवाडीला आंग्र्यांची गोदी पाहायला गेलो. खडक फोडून केलेलं हे आवार. भरतीला जहाज आत घ्यायचं, मग तळ खरवडून डागडुजी करायची. आता आत गाळ साचलाय आणि बरेच पर्यटक किल्ल्यावरूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका, ओहोटीची वेळ विचारून घ्या, म्हणजे गोदीची बांधणी नीट दिसते.