पाच डॉलरच्या नोटेवरचे सर फ्रँक

बार्बाडोसला आम्ही सहा दिवस होतो. समुद्र अतिशय सुंदर आहे. एवढं सांगून पहिले चार दिवस सोडून देते.

पाचव्या दिवशी बाकीची मंडळी बोटीतून कासवं बघायला गेली आणि मी ब्रिजटाऊनला झेडआर पकडली. झेडआर म्हणजे तिथली वडाप. पांढरी व्हॅन, त्यावर लालसर पट्टा, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि तिघांच्या सीटवर चौघं. भाडं साडेतीन डॉलर. मी दहाची नोट दिली. कंडक्टरने दीड डॉलरची चिल्लर आणि पाचाची एक हिरवी नोट माझ्या हातावर ठेवली. नोटेवर वेस्ट इंडिजचे एकेकाळचे क्रिकेट कर्णधार फ्रँक वॉरेल होते.

मी त्यांनाच भेटायला निघाले होते.

आमच्या घरी वॉरेल हे नाव धावांमुळे आलं नाही. ५१ कसोटी, ३८६० धावा, हे आकडे मी पुढे कधीतरी वाचले. बाबा सांगायचे ती गोष्ट रक्ताची. मार्च १९६२. आपला संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि कवटी फुटली. हेल्मेटचा जमाना नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त लागलं तेव्हा पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी पुढे झाले, आणि त्यांच्याबरोबर वेस्ट इंडिजचा कर्णधार वॉरेलही. बाबा मूळचे नाशिकचे, त्यामुळे नाडकर्णींचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा चढायचा. पण वॉरेलपाशी आले की ते थांबायचे. ‘समोरच्या संघाचा कर्णधार, बघ,’ एवढंच म्हणायचे.

केव्ह हिलला विद्यापीठाच्या आवारात थ्री डब्ल्यूज ओव्हल हे मैदान आहे. तीन डब्ल्यू म्हणजे वेस्ट इंडिजचे तीन फलंदाज: वॉरेल, वीक्स, वॉलकॉट. तिघंही ब्रिजटाऊनच्या एकाच भागात, दीड वर्षाच्या आत जन्मलेले. आता तिघंही याच मैदानाशेजारी विसावले आहेत. वॉरेल १९६७ साली ल्युकेमियाने गेले, अवघ्या ४२ व्या वर्षी. वॉलकॉट २००६ मध्ये आले, वीक्स २०२० मध्ये. मधली इतकी वर्षं वॉरेल तिथे एकटेच होते, हे उन्हात उभी असताना मनात आलं आणि घशाशी काहीतरी अडकलं. नोट उलटी केली तर मागे हेच मैदान छापलेलं.

याच बेटावर वॉरेलना शिष्ट म्हणायचे. त्याला कंटाळून १९४७ मध्ये ते जमैकाला निघून गेले. वेस्ट इंडिजच्या संघात काळे खेळाडू धावा करायचे, बळी घ्यायचे, आणि कर्णधारपद गोऱ्याकडे जायचं. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार होईपर्यंत वॉरेल ३६ वर्षांचे झाले होते. मला या उशिराचा आजही राग येतो. १९६०-६१ च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला कसोटी इतिहासातला पहिला बरोबरीत सुटलेला सामना झाला. मालिका ते २-१ ने हरले, तरी मेलबर्नचे लोक त्यांना निरोप द्यायला रस्त्यांवर उतरले होते. वेगवेगळ्या बेटांचे, एकमेकांशी न पटणारे खेळाडू त्यांनी एका ड्रेसिंग रूममध्ये एकत्र बांधले. त्यांचं खरं काम ते, असं मला वाटतं.

मैदानावर गवत कापणारे एक आजोबा होते. ‘इंडिया?’ म्हणाले. मी हो म्हटलं आणि कॉन्ट्रॅक्टरांची गोष्ट सांगितली. त्यांनी यंत्र बंद केलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वाचले का ते?’ वाचले, म्हटलं. पुन्हा कसोटी मात्र खेळले नाहीत. कवटीत बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढली. कोलकात्यात दरवर्षी ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान होतं, हेही सांगितलं. आजोबा कबरीकडे बघत म्हणाले, ‘सर फ्रँकना हे आवडलं असतं.’ मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. थंडगार पाणी होतं. सहा दिवसांत आम्ही हॉटेलात कितीतरी सरबराईत राहिलो, पण आठवतं ते हे पाणी.

बाबा असते तर त्यांना तिथूनच फोन लावला असता.

परत जायला बस स्टॉपवर आले. पर्समध्ये शंभराची एक नोट, ती दीड डॉलरची चिल्लर आणि पाचाची ती नोट. शंभराचे सुटे कोणाकडे मिळेनात. झेडआर आली, कंडक्टरने हात पुढे केला. मी मान हलवली, नोट पासपोर्टच्या पानांत सरळ करून ठेवली आणि उतारावरून समुद्राच्या दिशेने चालायला लागले.