तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रॅक्युला, ब्लड बँक आणि दुपारचे चार

“काकू, आयुष्यभर ब्लड बँकेत काढलंत, आता रिटायर होऊनही रक्त पिणाऱ्यांचीच पिक्चरं बघता, आणि तरी इतक्या निवांत कशा हो?”

हा प्रश्न मला आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या हळदीकुंकवात येतो, गच्चीवर पापड वाळत घालताना येतो. परवा भाजीवाल्यानंही विचारला. त्याला कुणी सांगितलं देव जाणे. दर वेळी मी ‘सवय हो’ म्हणून विषय बदलते. पण तुम्ही आपुलकीनं विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

आधी एक गैरसमज काढते. मी धीट वगैरे मुळीच नाही. स्वयंपाकघरात पाल दिसली तर गॅस बंद करायलाही थांबत नाही. फक्त रक्ताचं मला काही वाटत नाही, कारण तीस वर्षं रक्त म्हणजे माझ्यासाठी तारीख टाकलेली पिशवी होती. ३५० मिलिलिटर, ग्रुप, नंबर, कधीपर्यंत चालेल ते. लाल पेशी फ्रिजमध्ये २ ते ६ अंशांवर. आमच्याकडच्या पिशवीत त्या ३५ दिवस टिकायच्या. प्लेटलेटचा थाट निराळा. त्यांना थंडी सोसत नाही, त्यांना २० ते २४ अंश लागतात, तेही सतत हलणाऱ्या ट्रेवर, पाळण्यात घातल्यासारखं. आणि इतके लाड करून आयुष्य पाच दिवसांचं. हे सगळं अंगात मुरलं की पडद्यावर कुणी मानेला तोंड लावलं तरी पहिला विचार येतो तो वाया गेलेल्या रक्ताचा.

म्हणून जिम जार्मुशचा २०१३चा ‘ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह’ मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मोठ्यानं हसले. त्यातला ॲडम शेकडो वर्षांचा व्हॅम्पायर. डेट्रॉइटमध्ये एकटा राहतो, गिटारी जमवतो. माणसं चावत फिरणं त्याला आता रानटीपणा वाटतो, म्हणून डॉक्टरचा वेश करून तो दवाखान्याच्या लॅबमध्ये जातो, नोटांची थप्पी ठेवतो आणि ओ निगेटिव्ह घेऊन येतो. अहो, ओ निगेटिव्ह! आम्ही त्याच्यासाठी रात्री दोन वाजता रजिस्टर उघडून एकेका डोनरला झोपेतून उठवायचो, आणि हा सांचीच्या दुधाची थैली आणावी तसा घेऊन येतो. पुढे टँजियरमध्ये त्याचा आणि बायको ईव्हचा म्हातारा मित्र मार्लो दूषित रक्त पिऊन मरतो. आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया. मार्लोनं इंदूरला यायला हवं होतं.

पण हसता हसता त्यातली ईव्ह मला आवडून गेली. नवरा तोंड पाडून बसलेला, जगाला नावं ठेवणारा. ही मात्र प्रवासाला निघताना बॅगेत कपड्यांऐवजी पुस्तकं भरते, त्यांच्या पानांवरून बोटं फिरवते, अवेळी उगवलेली अळंबी बघून हरखते. इतकी शतकं काढूनही तिला कंटाळा आलेला नाही. असं एक जोडपं आमच्या मजल्यावर होतं, आता पुण्याला मुलाकडे गेलं. त्यातले काका कायम ॲडम.

मी बघितलेल्या सगळ्यांची जंत्री देत नाही. १९३१चा ड्रॅक्युला बेला लुगोसी: बोलणं आणि डोळे, सुळे दिसतच नाहीत. १९५८चा ख्रिस्तोफर ली: उंच, रुबाबदार, सुळे भरपूर, आणि हॅमर कंपनीचं ते लालभडक रक्त, जे मी तरी कुठल्या पिशवीत पाहिलं नाही. आपल्या रामसे बंधूंचा ‘बंद दरवाज़ा’ १९९०चा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ह्यांनी हौसेनं नेलं आणि मध्यंतरानंतर स्वतःच झोपले. तेव्हापासूनची ह्यांची पद्धत ठरलेली. पिक्चरभर झोपायचं, नावं वर सरकायला लागली की डोळे उघडून विचारायचं, “मेला का तो?” भाचीच्या आग्रहाखातर ‘ट्वायलाइट’ही बघितला. उन्हात चमचम करणाऱ्या व्हॅम्पायरबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तसं आपल्याकडेही आहेच की. उज्जैन आमच्यापासून तास-दीड तासावर, तिथला विक्रमराजा आणि त्याच्या पाठीवरचा वेताळ. रिचर्ड बर्टन साहेबानं १८७०मध्ये त्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा वेताळाला थेट ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. साहेबाचं चुकलं असं माझं मत आहे. आपला वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो.

तर निवांतपणाकडे येते. त्यासाठी उन्हाबद्दल बोलायला हवं.

व्हॅम्पायर उन्हानं मरतो, हे आपण धरूनच चालतो. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा बाहेर फिरतो. त्याची ताकद कमी होते, एवढंच. उन्हानं मारण्याची युक्ती १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मुक्या जर्मन पिक्चरची, दिग्दर्शक मुर्नाऊ. त्यांनी स्टोकरच्या बायकोची परवानगी घेतली नव्हती, नुसती नावं बदलली होती. बाई कोर्टात गेली आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण बघू शकतो. शेवटी त्यातली नायिका एलेन स्वतःचा जीव पणाला लावून त्या व्हॅम्पायर काउंटला पहाटेपर्यंत थांबवून ठेवते, कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं आणि तो धुरासारखा विरून जातो. गंमत म्हणजे रात्रीचे कितीतरी प्रसंग भर दिवसा शूट केलेले. निळा रंग देऊन रात्र केलेली. रंग न दिलेली प्रत बघितली तर महाराज स्वच्छ उन्हात शवपेटी बगलेत मारून चाललेत.

त्यानंतर व्हॅम्पायरांना सूर्याची जी हुरहुर लागली ती काही सुटली नाही. १९९४च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मधला लुई शे-दीडशे वर्षांनी सूर्योदय बघतो तो थिएटरात बसून, पडद्यावर. न्यूझीलंडच्या ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’मध्ये (२०१४) एका फ्लॅटमध्ये राहणारे व्हॅम्पायर कॉम्प्युटरवर सूर्योदयाचा व्हिडिओ बघतात आणि गहिवरतात. हा पिक्चर माझा सर्वांत लाडका. त्यात घरकामाच्या पाळ्या लावलेल्या आहेत, एकानं पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत, त्यावरून मीटिंग आहे. दुसरा सज्जन सोफा खराब होऊ नये म्हणून आधी वर्तमानपत्र पसरतो, आणि मग नेमकी धमनी फोडतो, घरभर कारंजं. आम्ही नेहमी शिरेतून घेतो हो, धमनीला हात लावत नाही. त्याला कुणी शिकवलंच नसणार.

आता माझं. मीही अर्धी व्हॅम्पायरच होते. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्यूटी, महिन्यातले दहा-बारा दिवस तरी, कित्येक वर्षं. बेडरूमला काळे पडदे शिवून घेतले होते. मुलगा बालवाडीत होता तेव्हा त्यानं ‘माझी आई’ म्हणून पांघरूण काढलं होतं, नुसतं पांघरूण, आणि बाईंनी त्याखाली लाल शेरा मारला होता. तो कागद मी अजून ठेवलाय.

पण सूर्योदय? सूर्योदय मी भरपूर बघितलेत. ड्यूटी संपत आली की पूर्वेची खिडकी गुलाबी व्हायची, आणि मला ती कधी सुंदर वाटली नाही; रजिस्टर पुरं करायचं असायचं. बाहेर पडून कोपऱ्यावर वाफेवर ठेवलेले पोहे खायचे, वर शेव, जीरावन मसाला जास्त. (घरी आईच्या पद्धतीचे खमंग फोडणीचे कांदेपोहे व्हायचे, आणि कुठले खरे पोहे यावरून सासूबाईंशी माझा तह शेवटपर्यंत झाला नाही.) जिभेवर जीरावनची चव घेऊन झोपायचं आणि उठायचं तेव्हा दिवे लागलेले असायचे. सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, गजबजायच्या वेळेला आम्ही ताजे. गराडू, भुट्ट्याचा कीस, जलेबा, सगळं मिळायचं. इंदुरात व्हॅम्पायरची रात्रीची सोय उत्तम आहे, लसणाची शेव टाळली की झालं.

मला मिळायचे नाहीत ते दुपारचे चार. पिक्चरवाले सूर्योदय-सूर्योदय करतात, पण त्यांच्यापैकी कुणी रात्रपाळी केलेली दिसत नाही. दुपारी चारला काही घडत नाही. ऊन तिरपं होऊन गॅलरीतल्या कुंडीपर्यंत येतं. खालच्या घरात कुकरची पहिली शिट्टी होते. शाळेची व्हॅन कोपऱ्यावर थांबते आणि एक विशिष्ट आरडाओरडा होतो, तो रोज तोच असतो. मटार सोलता सोलता पाच-सहा तोंडात जातात. आमच्या मुलाची ती व्हॅन जितकी वर्षं आली तितकी वर्षं मी निम्म्या वेळा पडद्याआड होते. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने मी चार वाजता गॅलरीत खुर्ची टाकून नुसती बसायचे. ह्यांना वाटलं, मला नैराश्य आलंय; ते डॉक्टरांची वेळ घेणार होते.

‘इंटरव्ह्यू’मध्ये क्लॉडिया नावाची लहान मुलगी आहे. तिला व्हॅम्पायर केलंय, म्हणून ती मोठी होत नाही. एकदा रागारागात ती स्वतःचे कुरळे केस कापून टाकते, आणि ते डोळ्यांदेखत पुन्हा तेवढेच वाढतात. ती किंचाळते. सगळ्या पिक्चरांतला मला खरोखर घाबरवणारा प्रसंग हा एकच. माझी वेणी आता करंगळीएवढी राहिली आहे, दर तीन आठवड्यांनी मेंदी लावते, आणि मेंदी लावताना मला ती क्लॉडिया आठवते. तिनं ही पातळ वेणी आनंदानं घेतली असती.

आणखी एक. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही, हा नियम. स्वीडनच्या ‘लेट द राइट वन इन’मध्ये (२००८) एली नावाचं पोर मित्राच्या दारात उभं असतं. मित्र मुद्दाम ‘ये’ म्हणत नाही. ती तरी आत येते आणि तिच्या अंगातून, डोळ्यांतून रक्त पाझरायला लागतं. तो घाबरून ओरडतो, तू येऊ शकतेस म्हणून. बर्फातलं ते थंड उपनगर बघताना मला आमचा जिना आठवला. आमच्याकडे दार अर्धं उघडंच, आणि ‘या की आत, चहा टाकलाय’ हे माणूस न बघताच म्हटलं जातं. रामबागेत एली एका दिवसात सगळ्यांकडे जाऊन आली असती आणि कुणीतरी तिला गूळपोळीही बांधून दिली असती.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५मध्ये, ‘सिनर्स’ मॉलमध्ये लागला तेव्हा ह्यांना घेऊन गेले. १९३२चं मिसिसिपी, काळ्या लोकांचं नाचगाणं आणि दाराबाहेर व्हॅम्पायर. हे नेहमीप्रमाणे झोपले. नावं सुरू झाली, निम्मं थिएटर उठलं, आणि तेवढ्यात पुन्हा पिक्चर सुरू. साठ वर्षांनंतरचा काळ. तेव्हाचा गाणारा पोरगा आता म्हातारा झालाय, आणि कधीही म्हातारा न झालेला त्याचा नातलग त्याला विचारतो, तुलाही अमर करू का? म्हातारा नको म्हणतो. आणि म्हणतो, त्या भयंकर रात्रीआधीचा तो दिवस, सूर्य बुडेपर्यंतचा, आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

हे तेवढ्यात जागे झाले.

“मेला का तो?”

“नाही. पण मरायला तयार आहे म्हणतोय. आपण होऊन.”

“शहाणा दिसतोय,” हे म्हणाले, आणि वाकून सीटखाली हात घातला. “माझी एक चप्पल तुझ्याकडे सरकलीय का बघ.”