आईचा बीपी आणि ल्यूथर ट्रँट

आमच्या घरी रोज सकाळी सात वाजता चौकशी बसते. आरोपी आई. टेबलावर बीपीचं मशीन, तिच्या दंडाला पट्टा आणि आकडे लिहायला मागच्या वर्षीची डायरी. पट्टा फुगायला लागला की मी विचारतो, "काल लोणचं घेतलंस?" ती तोंड उघडते न उघडते तोच मशीन 'एरर' दाखवतं. मोजताना बोलायचं नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. आईला त्या कागदातला तेवढा एकच नियम पाठ आहे.

अशा वेळी मला ल्यूथर ट्रँटची फार आठवण येते. हा शिकागोचा तरुण मानसशास्त्रज्ञ १९०९ साली 'हॅम्प्टन्स' मासिकातून गुन्हे सोडवायला लागला. एडविन बामर आणि विल्यम मॅकहार्ग या दोघा मेहुण्यांनी मिळून तो लिहिला. होम्स बुटाचा चिखल बघायचा, राख हुंगायचा. ट्रँटला चिखलाशी काही देणंघेणं नव्हतं. माणूस आतून कसा हलतो ते त्याला बघायचं असे, आणि त्यासाठी त्याच्याकडे यंत्रं होती. एक शब्द ऐकल्यावर दुसरा सुचायला किती वेळ लागला हे सेकंदाच्या बारीक तुकड्यांत मोजणारा क्रोनोस्कोप. तळव्याला घाम फुटला की काटा हलवणारा गॅल्व्हनोमीटर. आणि माझा लाडका प्लेथिस्मोग्राफ : हात पाण्याच्या नळकांड्यात घालायचा, रक्त कमीजास्त झालं की पाणी वरखाली होतं आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. पात्रं आणि कथानक सोडलं तर यातलं काही काल्पनिक नाही, ही यंत्रं प्रयोगशाळांत रोज वापरली जातात, असं लेखकांनी प्रस्तावनेत ठणकावून सांगितलं होतं.

त्याची एक गोष्ट चक्क काटामारीची आहे. आपल्याकडे उसाचं वजन कमी दाखवून शेतकऱ्याला फसवतात अशी ओरड असते. तिथे आयात मालाचं वजन कमी दाखवून सरकारचा कर बुडवत. कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसणार, कारण ब्रुकलिनच्या धक्क्यावर साखरेच्या वजनात असाच प्रकार १९०७ साली खरोखर पकडला गेला होता. काट्यांना भोकं पाडून त्यात पोलादाची पट्टी सरकवायची, की वजन घटलंच. गोष्टीत ट्रँट हमाल-मुकादमांना सोडून थेट मोठ्या साहेबाला यंत्राला जोडतो. साहेबाचा चेहरा ढिम्म, पण कागदावरची रेघ घसरते. (शेवट सांगून टाकला. पण गोष्टीला आता शंभरावर वर्षं झाली, माफ करा.)

मग खऱ्या जगानेही हा नाद घेतला. हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्गच्या प्रयोगशाळेत विल्यम मार्स्टन नावाचा विद्यार्थी होता. राग आला की आपला रक्तदाब चढतो, असं त्याच्या बायकोच्या लक्षात आलं आणि तिथून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. म्हणजे हेही घरगुतीच प्रकरण. मार्स्टनने दंडाला पट्टा बांधून खोटं पकडायची चाचणी बनवली. जेम्स फ्राय नावाच्या खुनाच्या आरोपीवर ती करून पाहिली आणि हा खरं बोलतोय, असा निर्वाळा दिला. १९२३ साली वॉशिंग्टनच्या वरिष्ठ न्यायालयाने ती पुराव्यात घ्यायला साफ नकार दिला. पुढे याच मार्स्टनने 'वंडर वुमन' ही कॉमिक्समधली नायिका निर्माण केली. तिच्या दोरीत सापडलेल्याला खरं बोलावंच लागतं. कोर्टाने नाकारलेला पट्टा त्याने बहुतेक तिच्या कमरेला लावून दिला!

ट्रँटच्या गोष्टी ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकाने पुढे 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये आणि १९३० साली निघालेल्या 'सायंटिफिक डिटेक्टिव्ह मंथली'मध्ये पुन्हा छापल्या. हे दुसरं मासिक वर्षभरही टिकलं नाही. मी त्या आजही मजेने वाचतो, पण एक गोष्ट खटकते. ट्रँटच्या यंत्रापुढे निरपराध माणूस कसा शांत बसतो! माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या डॉक्टरांकडे गेलं की आईचा आकडा घरच्यापेक्षा वीसने जास्त येतो आणि तिथे तर तिला लोणच्याचं कोणी विचारतही नाही. पट्ट्याला भीती कळते. ती कसली, हे त्याला कुठून कळणार? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात, संमतीशिवाय कोणाचीही पॉलिग्राफ, म्हणजे यंत्राने खोटं पकडायची, चाचणी करता येणार नाही, असं सांगितलं. आईला मी हा निकाल वाचून दाखवला, ही माझी चूक.

कारण दुसऱ्या दिवशी तिने पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळला. "तुझी संमती आहे ना?" आहे म्हटलं. बटण दाबलं, पट्टा फुगायला लागला, आणि तिने शांतपणे विचारलं, "विजेचं बिल भरलंस?"

मी तोंड उघडलं. 'एरर'.

"नवे सेल घालायला हवेत," मी म्हणालो.

"सेल परवाच घातलेत," आई म्हणाली आणि बिल शोधायला उठली.